लोहाचा लाल आणि बदली माल

प्रश्न : कोन ६ चे (कोन म्हणजे भाजणीच्या उष्णतेची पायरी) आमचे लाल ग्लेझ, म्हणजे भांड्यावर भाजून काच होणारा लेप, वजनाच्या भागांत असे आहे : गर्स्टली बोरेट (बोरॉनचे खनिज) ३०, पोटॅश फेल्डस्पार २०, टाल्क (शंखजिरे) १५, केओलिन (पांढरी माती) ५, सिलिका ३० आणि वर रेड आयर्न ऑक्साइड १४. गर्स्टली बोरेट मिळेनासे झाले. त्याच्या जागी तितकीच ३१३४ क्रमांकाची फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) घातली, तर ग्लेझ काचेसारखे चकचकीत आणि तपकिरी झाले. कुणी बोरॅक्स वापरा म्हणते. काय करावे?

उत्तर : आधी बोरॅक्सचा विषय संपवू. बोरॅक्स पाण्यात विरघळतो. ओल्या ग्लेझमधून तो बिस्किट (एकदा भाजलेल्या, ग्लेझ न लावलेल्या) भांड्याच्या अंगात शिरतो, वाळताना काठांवर गोळा होतो आणि बादलीत राहिला तर तळाशी खडे धरतो. आज जमलेले मिश्रण पुढच्या महिन्यात वेगळेच निघते. ग्लेझ वितळवणारा बोरॉन आणायचा तर फ्रिटमधूनच.

फ्रिट तुम्ही बरोबर निवडली, चुकले ते ‘तितकीच’ घालणे. गर्स्टली बोरेटमध्ये बोरॉन ऑक्साइड साधारण २७ टक्के असते, सिलिका १५ आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) साडेतीन. भाजताना त्यातला जवळजवळ २७ टक्के भाग पाणी आणि वायू होऊन उडून जातो. ३१३४ मध्ये बोरॉन ऑक्साइड २३ टक्के, सिलिका तब्बल ४६, सोडा (सोडियम ऑक्साइड) १०, अॅल्युमिना नाही, मॅग्नेशिया नाही, आणि उडून काहीच जात नाही. म्हणजे तीसाला तीस घातल्यावर बोरॉन कमी पडला, सिलिका साडेनऊने वाढली, सोडा जवळपास दुप्पट झाला. चकाकी आली ती जास्तीच्या सिलिका-सोड्यामुळे. लोह त्या काचेत विरघळून बसले, वर येऊन त्याचे स्फटिक धरलेच नाहीत.

हिशोब असा मांडा. बोरॉन जुळवायला फ्रिट ३५ लागते. तिच्याबरोबर सुमारे २ भाग सोडा जादा येतो. फेल्डस्पारच्या २० भागांतून जेवढे अल्कली (पोटॅश-सोडा) मिळत होते, जवळपास तेवढाच हा सोडा आहे, म्हणून फेल्डस्पार पूर्ण काढा. त्याबरोबर गेलेला अॅल्युमिना केओलिनने भरा, ५ चे १५ करा. मॅग्नेशियासाठी टाल्क १५ वरून १८. सिलिका ३० वरून २५.५. झाले : फ्रिट ३५, टाल्क १८, केओलिन १५, सिलिका २५.५. बेरीज ९३.५ येते आणि ती तशीच यायला हवी, कारण आता उडून जाणारा माल कमी आहे. लोह १४ हे या ९३.५ वर घालायचे. इथेच बहुतेक जण फसतात. पाककृती शंभरावर आणतात आणि लोह मात्र १४ च ठेवतात. शंभरावर आणायची असेल तर फ्रिट ३७.५, टाल्क १९, केओलिन १६, सिलिका २७.५ आणि लोह १५.

यात पोटॅशची जागा सोड्याने घेतली आहे, त्यामुळे बारीक तडे दिसू शकतात. तसे झाले तर सिलिका दोन-तीन भागांनी वाढवून पाहा. एक फायदा फुकटात मिळतो. गर्स्टलीने बादली दह्यासारखी घट्ट व्हायची, तो त्रास जातो. फ्रिट खाली बसते खरी, पण १५ भाग केओलिन तिला तरंगत ठेवते.

तुमच्याकडच्या फ्रिटवर दुसरा क्रमांक असेल तर वरचे आकडे वापरू नका. विक्रेत्याकडून तिचे ऑक्साइडचे पृथक्करण मागा. ते देत नसेल, तर ती फ्रिट या कामाची नाही.

प्रश्न : कोन १० चे ग्लेझ : पोटॅश फेल्डस्पार ४६, सिलिका २२, केओलिन ८, टाल्क ८, बोन अॅश (हाडांची राख) १०, व्हाइटिंग (खडूची भुकटी) ६, लोह ११. बोन अॅश संपली. तिच्यात कॅल्शियमच असते म्हणून १० भाग व्हाइटिंग वाढवली. लालऐवजी काळपट तपकिरी आले.

उत्तर : कॅल्शियमपुरता तुमचा हिशोब चोख आहे. दहा भाग बोन अॅशमधून सुमारे साडेपाच भाग चुना (कॅल्शियम ऑक्साइड) येतो, दहा भाग व्हाइटिंगमधूनही तेवढाच. पण बोन अॅशचा दुसरा निम्मा भाग फॉस्फरस ऑक्साइडचा, आणि या ग्लेझचा लाल त्याच्यावरच उभा आहे. फॉस्फेट सिलिकेटच्या काचेत नीट मिसळत नाही. वितळलेले ग्लेझ त्याच्यामुळे सूक्ष्म थेंबांत फुटते, आणि भट्टी उतरताना पृष्ठभागावर लाल हेमेटाइट (आयर्न ऑक्साइडचे स्फटिक) धरायला लोहाला वाव मिळतो. फॉस्फेट नसेल तर हीच पाककृती टेनमोकूकडे, म्हणजे काळ्या-तपकिरी लोह-ग्लेझकडे झुकते, आणि तुम्हाला दिसले ते तेच.

ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिळाले तर बोन अॅशच्या जागी भागाला भाग घाला. दोन्हींतला फरक या प्रमाणात नगण्य आहे. ही भुकटी फार बारीक असते आणि पाण्यात तिच्या गुठळ्या होतात, म्हणून शंभर मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. डायकॅल्शियम फॉस्फेटही चालते. निर्जल असेल तर ८.८, पाणी धरलेले असेल तर ११, आणि कमी पडलेल्या चुन्यासाठी दोन्ही वेळा व्हाइटिंग ३.२ ने वाढवायची. पुडक्यावर यांपैकी कोणते ते लिहिलेले नसेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

ट्रायसोडियम फॉस्फेट किंवा डीएपी खत नको. दोन्ही विरघळतात. पहिल्याने बादली पाण्यासारखी पातळ होऊन सगळा माल तळाला दगडासारखा बसतो, दुसऱ्यातून भट्टीत अमोनिया सुटतो. घरी हाडे भाजून राख करायची असेल तर आतपर्यंत पांढरीशुभ्र होईतो भाजा. करडी राहिलेली राख म्हणजे उरलेला कार्बन, आणि त्याने फोड येतात.

प्रश्न : याच ग्लेझमध्ये टाल्कऐवजी डोलोमाइट?

उत्तर : चालेल, कारण कमी करायला तुमच्याकडे व्हाइटिंग आहे. टाल्क ८ काढा, डोलोमाइट ११.५ घाला, व्हाइटिंग पूर्ण वगळा, सिलिका २२ ची २७ करा. मॅग्नेशिया आणि चुना जागच्या जागी राहतात. वरच्या कोन ६ च्या पाककृतीत मात्र ही अदलाबदल करू नका. तिथे व्हाइटिंगच नाही, त्यामुळे डोलोमाइटचा चुना वरचढ होतो आणि लाल मरतो. हलके मॅग्नेशियम कार्बोनेटही टाळा. ते फुलते, वाळताना ग्लेझला भेगा पडतात आणि भट्टीत ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडते.

प्रश्न : रेड आयर्नऐवजी ब्लॅक किंवा यलो आयर्न ऑक्साइड, किंवा गेरू?

उत्तर : ऑक्सिडेशनमध्ये, म्हणजे भट्टीत भरपूर हवा असताना, पहिले दोन्ही शेवटी तेच होतात. १२ भाग रेडऐवजी ब्लॅक ११.६, यलो १३.३. यलोमध्ये पाणी बांधलेले असते म्हणून ते जास्त लागते. ब्लॅक बहुधा भरड असते, नीट न घोटल्यास ठिपके दिसतात. गेरूत माती आणि वाळू किती हे खाणीगणिक बदलते, त्यामुळे तो आकड्याने बसवता येत नाही. रंगाच्या दुकानातले स्वस्त रेड आयर्न असेल तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात खडू मिसळला आहे, म्हणजे लोह कमी आणि नको असलेला चुना जास्त.

प्रश्न : सगळे हिशोब जुळवूनही तपकिरीच येते.

उत्तर : मग माल सोडा, भट्टी पाहा. हेमेटाइट उतरत्या तापमानात धरते. भट्टी लहान आणि पातळ भिंतींची असेल तर ती झपाट्याने थंड होते आणि स्फटिकांना वेळच मिळत नाही. माथा गाठल्यावर १००० अंशांपर्यंत भट्टी आपोआप उतरू द्या, तिथून ८५० पर्यंत तासाला ५० ते ६० अंश. गॅसची भट्टी असेल तर उतरताना आत हवा हवी. धुरात बंद केलेल्या भट्टीत लोह काळेच राहते.

थर पाहा. पातळ थर हमखास तपकिरी, काठांवर तर नेहमीच. बिस्किटावर सुईने खरवडून जाडी मोजा, एक मिलिमीटरच्या आसपास हवी. जाड थर ओघळतो, तेव्हा चाचणीचे भांडे टाकाऊ बशीत ठेवूनच भाजा. रंग चंदेरी-काळा झाला असेल तर कोन ओलांडला आहे. निस्तेज, खरबरीत आणि विटकरी असेल तर कमी भाजले आहे. साधारण १२३० अंशांच्या वर लोह प्राणवायू सोडून स्वतःच वितळक बनू लागते, म्हणून कोन १० ला एवढेच लोह कोन ६ पेक्षा जास्त वाहते.

जुन्या बादलीतले थोडे ग्लेझ शिल्लक असेल तर ओतून देऊ नका. प्रत्येक नव्या चाचणीत एकाच टाइलवर अर्धे जुने, अर्धे नवे लावा. दोन्ही अर्धे तपकिरी आले तर दोष भट्टीचा.