गोव्याच्या घाटात एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला चालत जाण्याचा दिवस कसा असतो?

तुम्ही हिमालयात निवाऱ्यानिवाऱ्याने चालला आहात आणि तसं गोव्यात जमेल का, असं विचारताय. जमतं, पण बांधलेल्या निवाऱ्यांची साखळी आपल्याकडे नाही. मुक्काम म्हणजे देवळाची अग्रशाळा (यात्रेकरूंना उतरायची जागा), नाहीतर वाड्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, एखाद्या घराची पडवी. दोन्ही आधी विचारून ठरवायचं. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी ही अभयारण्यं आहेत, त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या हवाच.

मी सत्तरी तालुक्यातल्या वाळपईचा. डिसेंबरात आम्ही चौघे तांबडी सुर्ल्याच्या बाजूने माथ्यावर चढलो, तो दिवस सांगतो. तिथलं महादेवाचं देऊळ कदंबकाळातलं, 12व्या-13व्या शतकातलं. त्याचा काळा बेसाल्ट घाटावरून खाली आणला असं मानतात. पाठीवर 8 किलोची पिशवी घेऊन चढताना हे मनातून जात नाही.

पहाटे पाचला उठलो. उकड्या तांदळाची पेज आणि तोराची, म्हणजे खारवलेल्या कैरीची, फोड खाल्ली आणि सहाला बॅटरीच्या उजेडात निघालो. एवढी घाई का, ते नीट सांगतो, कारण नवखे इथेच चुकतात. आपल्या घाटाचं तोंड पश्चिमेला आहे. सूर्य उगवला तरी डोंगर स्वतःच मध्ये उभा असतो, म्हणून चढणीवर सकाळी बराच वेळ सावली मिळते. दुपार कलली की तीच चढण उन्हात भाजते आणि दमट हवेत घाम वाळत नाही. त्याआधी एकदा आम्ही दहाला निघालो होतो. अर्ध्या चढावरच पाणी संपलं आणि मुक्कामाला पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता. पानगळीखाली वाट हरवली, ती शोधण्यात तास गेला. चूक माझी होती. तेव्हापासून माझा नियम एकच: चढ सावलीत, मुक्काम चारच्या आत.

चढावर तासाला दीड किलोमीटर झाला तरी खूप. झाडी इतकी दाट की दूरचं काही दिसत नाही. कान मात्र सतत जागे असतात. व्हाळाचा (ओढ्याचा) आवाज आला की वाटाडे थांबायचे, कान देऊन ऐकायचे, मगच पुढे. त्या दिवशी वर काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. गवा. वाटेच्या वर एकटा उभा. वाटाड्यांनी नुसता हात वर केला आणि आम्ही झाडांआड पंधरा मिनिटं गप्प उभे राहिलो. गवा गोव्याचा राज्यप्राणी आहे, पण जंगलात त्याला वाट द्यायची ती तो राज्यप्राणी आहे म्हणून नव्हे. एकटा नर भडकला तर पळायला जागा नसते.

माथ्यावर वारा लागला आणि पाय आपोआप हलके झाले. तिथून पुढची चाल सोपी, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एकूण चौदाएक किलोमीटर झाले असतील.

साडेतीनला वाड्यावर पोचलो. पडवीतल्या मामींनी आमची नावंही विचारली नाहीत. तांब्या पुढे केला: "पयलीं उदक पियात, मागीर उलयात." (आधी पाणी प्या, मग बोला.) रात्री नाचणीची भाकरी, कुळथाचं सार आणि सोलकढी. पैसे आधीच ठरले होते, तरी तांदूळ आणि तेल आम्ही नेलं होतं. तसंच न्या. डोंगरावर प्रत्येक किलो कुणाच्या तरी डोक्यावरून येतो.

तुमच्या तयारीसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात जाऊ नका. जळवा सोसता येतील, पण व्हाळ घटकेत फुगतो आणि परतीची वाट बंद होते. आणि जानेवारीपासून गोचिडांना जपा. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत, आणि तो गोचिडाच्या चाव्यातून होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजार मोज्यांत खोचा, पाचोळ्यात बसू नका. मुक्कामाला पोचल्यावर आधी अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ करा, चहा नंतर. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा, आणि परवानगीचा अर्ज महिनाभर आधी टाका.