म्हाताऱ्या कुत्र्याने खाणं सोडलं तर काय करावं?

तुमचा १२ वर्षांचा लॅब्राडोर परवापासून वाडग्याजवळ येतो, हुंगतो आणि तोंड फिरवतो, आणि घरातले म्हणतात, 'वय झालंय, चालायचंच.' वयामुळे भूक थोडी कमी होते, पण दोन दिवस अन्नाला तोंड न लावणं म्हणजे आजारच. आजच डॉक्टरांना दाखवा.

हे इतक्या कळकळीने सांगतेय कारण आमच्याकडून चूक झालीय. आमची चंपी गावठी, तेव्हा १३ वर्षांची. चार दिवस आम्ही नुसते पदार्थ बदलत बसलो. दूध-भाकरी झाली, अंडं झालं, चिकन झालं. पाचव्या दिवशी मी तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि नीट पाहिलं. ती तुकडा उचलायची, मान एका बाजूला कलती करायची आणि तुकडा तोंडातून खाली पडायचा. मग त्याच्याकडे बघत बसायची. पोर भुकेली होती, तिला चावता येत नव्हतं! वरच्या मागच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढल्यावर दोन-तीन दिवसांत वाटी चाटूनपुसून साफ. ते चार दिवस आठवले की अजून गलबलतं.

म्हणून आधी पाहा, त्याला खाता येत नाही की खावंसंच वाटत नाही. तुमच्या वर्णनावरून मला मळमळीची शंका येते. तो सारखे ओठ चाटतो का, लाळ गळते का, उगाच आवंढे गिळतो का? पुढे वर्षभराने चंपीचं खाणं पुन्हा सुटलं तेव्हा हेच होत होतं आणि किडनीचा आजार निघाला. पाणी खूप प्यायची, लघवीही खूप, आणि आम्ही ते उन्हाळ्यावर ढकललं होतं. रक्तात क्रिएटिनीन (त्यावरून किडनीचं काम कळतं), लिव्हर आणि प्लेटलेट्स बघायला सांगा, कारण गोचीडतापातही भूक मरते. लघवीही तपासून घ्या. मळमळीवर चांगलं इंजेक्शन मिळतं.

घरी अन्न कोमट करून द्या. वयाने नाक मंदावतं, कोमट अन्नाचा वास लवकर पोचतो. उकडलेल्या चिकनचं पाणी भातावर घाला, पण त्यात कांदा-लसूण अजिबात नको, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वाडगा पाटावर ठेवा म्हणजे दुखरी मान वाकवावी लागणार नाही. १५-२० मिनिटांत खाल्लं नाही तर उचलून घ्या. मळमळत असताना अन्न दिवसभर नाकासमोर राहिलं तर त्याला त्याचा वीटच येतो. सिरिंजने बळेच भरवू नका, श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आणि आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका.

हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट फुगलं, उलटी न होता नुसत्या ओकाऱ्या येत राहिल्या किंवा लघवीच होईना, तर रात्र असली तरी न्या.

निघण्याआधी वाडग्यापाशी तो काय करतो याचा फोनवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात भेदरलेला कुत्रा काहीच दाखवत नाही. चंपीचं तोंड उघडायच्या आधी आमच्या डॉक्टरांनी तिचा असाच व्हिडिओ दोनदा पाहिला होता.