नवरा-बायको दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह असतील तर निरोध कशाला?

तुम्ही विचारलंय, "आम्हा दोघांनाही एचआयव्ही आहे. आता एकमेकांकडून नवीन काय लागणार? निरोध वापरायचा कशाला?" मी नाशिकमध्ये समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमी येतो. बहुतेकदा नवरा विचारतो आणि बायको पदराशी चाळा करत खाली बघत बसते. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, बरं केलंत.

नवीन लागू शकतं. दोघांच्या रिपोर्टवर शब्द एकच असला, तरी आतला विषाणू एकच असेल असं नाही.

हा विषाणू स्वतःची नक्कल फार घाईत आणि चुका करत काढतो, आणि चुका तपासायची सोयच त्याच्याकडे नाही. औषध चालू नसेल तर अंगात दिवसाला हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे एकाच माणसाच्या रक्तातसुद्धा थोडी थोडी वेगळी भावंडं नांदत असतात. त्यातल्या एखाद्याला योगायोगाने औषधाला दाद न देणारा बदल मिळतो. शिवाय मूळ जातीही वेगळ्या आहेत. आपल्याकडे मुख्यतः 'सी' उपप्रकार, युरोप-अमेरिकेत 'बी'. एचआयव्ही-२ तर निराळाच. तो मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला, पण महाराष्ट्रातही सापडतो. नेव्हिरापिन, एफाविरेन्झ ही औषधं त्याच्यावर चालत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. निफाड-येवल्याकडे कांद्याचं बी धरणाऱ्यांना हे लगेच कळतं. एका वाणाचे डोंगळे दुसऱ्या वाणाजवळ लावले, की मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात आणि बियाणं भेसळ होतं. विषाणूचंही तसंच. प्रत्येक कणात जनुकांच्या दोन प्रती असतात. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, तर नव्या कणात एक प्रत याची, एक त्याची जाते. पुढची नक्कल होताना अर्धा मजकूर इथून, अर्धा तिथून उचलला जातो आणि तिसराच विषाणू तयार होतो.

एकदा लागण झाली की शरीर दुसऱ्या विषाणूला अडवेल, असं पूर्वी बऱ्याच तज्ज्ञांना वाटायचं. 2002 साली स्वित्झर्लंडमधल्या एका रुग्णाची नोंद झाली. आधी 'एई' प्रकाराची लागण होती, नंतर 'बी' प्रकाराचीही झाली. त्या वेळी त्याची औषधं थांबलेली होती.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. अशी दुहेरी लागण सर्रास होत नाही, म्हणून घाबरून एकमेकांपासून लांब झोपू नका. दोघांच्याही गोळ्या नियमित चालू असतील आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडतच नसेल, तर संबंधातून विषाणू पुढे जात नाही. धोका आहे तो एकाच्या गोळ्या सुटल्या तर, किंवा एकाचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील तर. तोवर निरोध हवाच. सिफिलिस आणि कावीळ बी यांच्यासाठी तो पुढेही उपयोगी आहे.

मागे एक जोडपं आलं होतं. ती आठ वर्षांपासून गोळ्या घेत होती, त्याला नुकतंच कळलं होतं. तो म्हणाला, "आता आम्ही सारखेच." तिने पिशवीतून गोळ्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "सारखे तेव्हा, जेव्हा तुम्ही पण रोज घ्याल." मला पुढे बोलावंच लागलं नाही.

आणखी एक. विषाणूचे प्रकार ऐकून "मग कुणी कुणाला दिला?" हे शोधत बसू नका. नुसत्या जनुकांच्या तपासणीवरून दोघांपैकी कुणी कुणाला दिला, हे खात्रीने ठरवता येत नाही. त्या वादात घरं मोडलेली मी पाहिली आहेत.

द्राक्षाच्या हंगामात कामाला बाहेरगावी जाणार असाल तर आधी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्यांची सोय होते का ते विचारा. पुढच्या खेपेला दोघांचेही व्हायरल लोडचे रिपोर्ट सोबत न्या. तोंडावर विचारायला संकोच वाटला तर 1097 वर फोन करा, पैसे लागत नाहीत.