हुमणी लाल पडून मेली तर फेकू नका

गुहागरकडच्या एका बागायतदारांचा प्रश्न: पोफळीच्या आळ्यांत सूत्रकृमींची, म्हणजे दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींची, पावडर पाण्यात कालवून ओतली. दहा दिवसांनी खणलं तर मुळं खाणाऱ्या हुमणीच्या काही अळ्या विटेसारख्या लाल झालेल्या. हा कसला रोग? सूत्रकृमी तर मिरीच्या मुळांना गाठी आणतात, ते आपणच बागेत घालायचे? आणि त्यांच्यातलं एन्झाइमच बाटलीत मिळालं तर फवारून मोकळे होऊ!

रोगच आहे, पण हुमणीचा. लाल रंग म्हणजे तुमचे पैसे वसूल झाल्याची पावती. हे हेटेरोऱ्हाब्डिटिस गटातल्या सूत्रकृमींचं काम. मिरीला छळणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात सुई असते, ती मुळात खुपसून तो रस ओढतो. ह्यांच्याकडे ती सुईच नाही. मुळाशी ह्यांना देणंघेणं नाही, ते अळी हुडकतात.

जेमतेम अर्धा मिलिमीटरचा हा जीव अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासाच्या छिद्रांतून आत शिरतो आणि आतड्यात बाळगलेले फोटोऱ्हाब्डस जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. खरा मारेकरी हा जिवाणू. त्याची विषं अळीची प्रतिकारशक्ती मोडतात आणि सहसा दोनेक दिवसांत ती मरते. एन्झाइमं आतलं मांस विरघळवतात: प्रोटिएज प्रथिनं, लायपेज चरबी. अळीच्या कातडीत चक्क पेज तयार होते. ती जेवून सूत्रकृमी वाढतात, पिल्लावळ करतात. जिवाणू प्रतिजैविकंही सोडतो, त्यामुळे बाहेरचे कुजवणारे जंतू फिरकत नाहीत. लाल अळी ब्लेडने चिरून पाहा, आत चिकट लगदा असतो पण सडका वास येत नाही. ताजी मेलेली अळी मिट्ट काळोखात नेऊन डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं थांबलात तर अंधूक उजेडही दिसेल. काजव्याइतका नाही हो, पण दिसतो.

आता बाटलीचं. एन्झाइमाचं काम अळीच्या रक्तात आहे, मातीवर ओतून ते तिथे पोचायचं कसं? नुसत्या जिवाणूचीही तीच गत. आत नेणारा सूत्रकृमीच लागतो. असली बाटली कोणी पुढे केलीच तर पैसे खिशातच राहू द्या.

लाल अळ्या त्याच आळ्यात ओल्या मातीखाली पुरा. साधारण दोन आठवड्यांत त्यांतून हजारोंनी नवे सूत्रकृमी बाहेर पडतात. काळ्या पडून घाण वास मारणाऱ्या अळ्या ह्यात धरू नका.

पुढच्या खेपेला अळ्या लहान असतानाच, पावसाचा जोर ओसरल्यावर, ओल्या जमिनीत आणि संध्याकाळी सूत्रकृमी द्या. ऊन त्यांचा काळ आहे. मात्रा साधारण हेक्टरी २५० कोटी सूत्रकृमी, म्हणजे पावडर किती ते पाकिटावर पाहा. पंपाची जाळी काढा, आणि कोळेरोगासाठी (पोफळीची फळं कुजवणाऱ्या) बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुना, मारलेला पंप न धुता वापरू नका.

एकदा मी स्वतःच पाकिटं जीपमध्ये दुपारभर उन्हात ठेवली आणि संध्याकाळी शेतकऱ्यांसमोर ऐटीत मेलेले सूत्रकृमी ओतले. तेव्हापासून आधी चिमूटभर पावडर बशीतल्या पाण्यात टाकतो आणि अर्ध्या तासाने भिंगाखाली धरतो. वळवळ दिसली तरच आळ्याकडे वळतो.