एमएस्सी स्टॅटिस्टिक्सला बसतोयस, तर आधी हे वाच

बीएस्सीच्या सवयीप्रमाणे सूत्रं पाठ करत बसू नकोस. एमएस्सी प्रवेशासाठी आयआयटी घेतात त्या जॅम परीक्षेच्या मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात ती फारशी कामाला येत नाहीत.

साधं उदाहरण घे. X आणि Y ची संयुक्त घनता (जॉइंट डेन्सिटी) 2 आहे, पण फक्त 0 < x < y < 1 या भागात. X ची सीमांत घनता (मार्जिनल, म्हणजे एकट्या X ची) काढायला सांगितली की निम्मी मुलं y वर 0 ते 1 इंटिग्रेशन करतात आणि उत्तर 2 आणतात. म्हणजे एकूण संभाव्यता दोन! आधी कच्चा त्रिकोण काढ. y हा x पासून 1 पर्यंत जातो हे डोळ्यांना दिसतं आणि उत्तर येतं 2(1−x). चित्र काढायला दहा सेकंदही लागत नाहीत, तरी लोक कंटाळा का करतात कोण जाणे.

लिनिअर अल्जेब्रा ऑप्शनला टाकू नकोस. रिग्रेशन म्हणजे शेवटी प्रोजेक्शनच. आयडेम्पोटंट (स्वतःशी गुणली तरी तीच राहणाऱ्या) मॅट्रिक्सचा ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, तिच्या रँकइतका का असतो हे कळलं, की डिग्रीज ऑफ फ्रीडम कुठून येतात ते आपोआप उलगडतं.

न्यूमेरिकल उत्तरांच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नसतं, ते कोरे सोडू नकोस. आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एमस्टॅट या पदव्युत्तर कोर्सचा फॉर्मही भर. तिथे विद्यावेतन मिळतं, घरच्यांना सांगायला बरं पडतं. आर (R) ही स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा आत्तापासून थोडी थोडी शिकत राहा. क्लास लावायचा की नाही, ते मात्र जुने पेपर सोडवून झाल्यावर ठरव.