पेट्रोलची विक्री घटली तर बुडालेला कर सरकार कोठून वसूल करील, आणि मग इलेक्ट्रिक गाडी परवडेल का?

आपला प्रश्न असा आहे की, आठ वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी विकून इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, आणि सगळ्यांनीच तसे केले तर पेट्रोलवरील कराचे बुडणारे उत्पन्न सरकार पुढे आपल्याच खिशातून काढील का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचा हिशेब त्यावर अवलंबून आहे. होय, काढील. कधी आणि कोणत्या नावाने, एवढेच ठरायचे आहे.

मात्र एक दुरुस्ती करणे भाग आहे. भारतात पेट्रोलची विक्री अजून घटलेली नाही. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४ कोटी टन पेट्रोल खपले, आणि हा आकडा दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या दुपटीहून अधिक आहे. विक्री घटते ती ठिकठिकाणी, आणि तिचे कारण बहुतेक वेळा करातील तफावत हेच असते.

मी सावंतवाडीला राहतो, त्यामुळे हे रोज पाहतो. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरील व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि पेट्रोल एका झटक्यात अकरा रुपयांनी स्वस्त झाले. गोव्याने तो कर नंतर टप्प्याटप्प्याने वाढवला, तरी आजही बांदा ओलांडून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीच्या पलीकडे गेले की लिटरमागे सात-आठ रुपये वाचतात. कामानिमित्त गोव्यात जाणारा आमच्याकडचा माणूस टाकी येताना भरतो, आणि सीमेच्या अलीकडचे पंपवाले त्याबद्दल वर्षानुवर्षे कुरकुर करीत आले आहेत. पेट्रोलसाठी म्हणून मुद्दाम जाणे मात्र व्यर्थ आहे. माझ्या गाडीच्या वहीत मी एकदा हा हिशेब मांडला होता. पस्तीस लिटर भरल्यावर सुमारे २६० रुपये वाचतात आणि जाऊनयेऊन पस्तीसएक किलोमीटरला २२५ रुपयांचे पेट्रोल जळते. उरतात ते चहा-वड्याचे पैसे.

आता लिटरमध्ये कर किती असतो ते पाहू. मी २०२५ चे दर घेतो. केंद्राचे उत्पादन शुल्क एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर लिटरमागे २१.९० रुपये झाले. त्यातील मूळ उत्पादन शुल्क अवघे १.४० रुपये असून बाकीची रक्कम विशेष अतिरिक्त शुल्क आणि उपकरांच्या रूपाने घेतली जाते. राज्यांना वाटा मिळतो तो या १.४० रुपयांतूनच, उरलेले वीस रुपये केंद्राकडेच राहतात. त्यावर महाराष्ट्राचा २५ टक्के व्हॅट आणि लिटरमागे ५.१२ रुपयांचा अधिभार, म्हणजे आणखी सुमारे २५ रुपये. एकूण कर ४६-४७ रुपयांच्या घरात जातो.

या अधिभाराचा इतिहास आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बोलका आहे. २०१५ मध्ये दुष्काळासाठी पेट्रोलवर दोन रुपये वाढवले गेले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूची दुकाने बंद झाली, तेव्हा दारूवरचा बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी पेट्रोलवर तीन रुपये आणखी चढले. दारू न पिणाऱ्या स्कूटरवाल्यानेही ते भरले. जुलै २०२२ मध्ये पाच रुपये कमी झाले आणि १०.१२ चे ५.१२ उरले. एका दाराने गेलेला महसूल दुसऱ्या दाराने आणण्याची सवय सरकारला अशी जुनी आहे, आणि पेट्रोल हेच आतापर्यंत ते दुसरे दार होते.

हा कर प्रत्येक किलोमीटरवर किती पडतो, ते मी माझ्या गाडीपुरते सांगतो. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर किलोमीटरला सात रुपये लागतात. इलेक्ट्रिक गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली, स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट बारा रुपयांना पडले, आणि एका युनिटात ती सात किलोमीटर गेली, तर किलोमीटरला १.७० रुपये लागतात. बचत सव्वापाच रुपयांची दिसते. पण पेट्रोलच्या त्या सात रुपयांत कर तीन रुपयांहून अधिक आहे. म्हणजे बचतीतील निम्म्याहून जास्त भाग मोटारीच्या कार्यक्षमतेमुळे आलेला नसून, सरकारने आज तो कर तुमच्याकडून घेतला नाही म्हणून उरलेला आहे. विजेवरही शुल्क आहेच, पण ते किलोमीटरमागे वीस-पंचवीस पैशांच्या पलीकडे जात नाही.

जेथे इलेक्ट्रिक गाड्या आपल्या आधी वाढल्या, तेथे ही सूट आटू लागली आहे. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक मोटारींना हजार किलोमीटरमागे तेथील ७६ डॉलर रस्ता वापर शुल्क लावले. आइसलंडनेही त्याच वर्षी किलोमीटरवर शुल्क सुरू केले. ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात एप्रिल २०२८ पासून मैलाला ३ पेन्स आकारण्याचे जाहीर केले, म्हणजे आपल्या पैशांत किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे असेच शुल्क त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरवले, कारण तो अधिकार राज्याचा नसून केंद्राचा असल्याचे निघाले. आपल्याकडे ही अडचण कितपत येईल याबद्दल मला शंका आहे, कारण वाहनांवर कर लावण्याचा अधिकार घटनेनेच राज्यांना दिला आहे.

महाराष्ट्रात सध्या वारे उलट दिशेने वाहत आहेत. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के मोटार वाहन कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागे घेतला गेला. दहा लाखांच्या आतील पेट्रोल मोटारीला मात्र नोंदणीच्या वेळी अकरा टक्के कर भरावा लागतो. सवलत आज खरी आहे, ती घ्यावी. माझ्या मते ती पाच-सात वर्षांची समजून घ्यावी, गाडीच्या पूर्ण आयुष्याची नव्हे.

तेव्हा आपला हिशेब असा करा. त्याच वर्गातील इलेक्ट्रिक गाडी तीन लाखांनी महाग असेल आणि आपण वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरत असाल, तर वार्षिक बचत सव्वीस हजारांची होते आणि जादा पैसे वसूल व्हायला साडेअकरा वर्षे लागतात. वीस हजार किलोमीटर फिरत असाल तर तीन वर्षांच्या आत वसूल होतात. मध्येच किलोमीटरला दोन रुपयांचे शुल्क लागले असे समजा. वीस हजारवाल्याला साडेचार-पाच वर्षे लागतील आणि त्याला ते चालून जाईल. पाच हजारवाल्याची वसुली मात्र अठरा वर्षांवर जाईल, आणि तोवर बॅटरीची वॉरंटी केव्हाच संपलेली असेल. अशा माणसाने चालू स्थितीतली जुनी गाडी विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या गाडीची पहिल्या दोन-तीन वर्षांत जी किंमत उतरते, तेवढ्या पैशांत त्याचे कित्येक वर्षांचे पेट्रोल येते.

आपण वर्षाला किती फिरता हे प्रश्नात आलेले नाही. गाडीच्या मीटरवरचा एकूण आकडा आठने भागून येथे कळवलात, आणि चार्जिंग घरी होणार की बाहेर तेही लिहिलेत, तर आपल्या गाडीपुरती आकडेमोड करून देतो.