वाड्यांचे फोटो आणि कपाटातला कॅमेरा

महोदय,

आपल्या पत्राचा मोठा भाग मुलाच्या अकरावीच्या गुणांविषयी आहे, परंतु मला अस्वस्थ केले ते शेवटच्या परिच्छेदाने. जेईई होईपर्यंत आपण त्याचा कॅमेरा कपाटात कुलूपबंद केला, तत्पूर्वी त्यातील सगळे फोटो पाहिले आणि आता विचारता की, ‘नुसत्या चौकटी, खांब आणि जाळ्या, एकाही फोटोत माणूस नाही, मुलगा एकलकोंडा तर होत नाही ना?’ त्याला न विचारता फोटो पाहणे मला पटलेले नाही, हे आधीच स्पष्ट लिहितो.

आपणच लिहिता की, बरेचसे फोटो नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांच्या आतले आहेत. आतल्या चौकातील सागवानी खांबांवरचे कोरीव काम रस्त्यावरून दिसत नाही, म्हणजे कोणीतरी दार उघडून त्याला आत घेतले. जिथे भावकीचे वाद वर्षानुवर्षे चालतात आणि कॅमेरा घेऊन आलेला प्रत्येक जण बिल्डरचा माणूस वाटतो, अशा घरांतून सतरा वर्षांचा मुलगा परवानगी मिळवत असेल, तर त्याला एकलकोंडा म्हणायला माझी तयारी नाही.

‘इमारतींची एवढी आवड आहे तर आर्किटेक्ट होऊ दे’ ही आपण सुचवलेली तडजोड मात्र गैरसमजावर उभी आहे. बी.आर्क. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम मुख्यतः नव्या वास्तूंची रचना शिकवतो. जुन्यांच्या जतनाचे सविस्तर शिक्षण बहुधा पदव्युत्तर स्तरावर मिळते. जुन्या नक्षीची छायाचित्र-नोंद हे आणखी निराळे काम आहे. त्यात कॅमेरा भिंतीला समांतर ठेवावा लागतो, नाहीतर खांब वर जाताना एकमेकांकडे झुकलेले दिसतात. कोरीव कामाचा उठाव तिरप्या उजेडातच कळतो. आणि शेजारी मोजपट्टी नसेल तर कमळाची पाकळी बोटभर आहे की वीतभर, हे समजत नाही. उद्या तुटलेला भाग पुन्हा कोरणाऱ्या सुताराला तो फोटो उपयोगी पडला पाहिजे. नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८८० च्या दशकात मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली, पण त्याआधी ते रुरकीला अभियांत्रिकी शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात आराखडे काढत होते. तेव्हा गणित आणि कॅमेरा यांचे वैर नाही.

परीक्षांचे म्हणाल, तर आर्किटेक्चरसाठी नाटा किंवा जेईईचा दुसरा पेपर, कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी, आणि पदवीनंतर पुरातत्त्व शिकायचे झाल्यास नागपूर विद्यापीठात विभाग आहे. यांतील कोणता मार्ग घ्यावा, हे मी आज सांगणार नाही, कारण एवढ्या मोठ्या पत्रात मुलाचे स्वतःचे एकही वाक्य नाही.

या कामात सुरुवातीला नियमित पगार क्वचितच मिळतो, त्यामुळे आपली काळजी रास्त आहे. तरीही कॅमेरा आजच परत द्यावा आणि त्याला एकच वाडा पूर्ण नोंदवायला सांगावे: प्रत्येक खांबाला क्रमांक, प्रत्येक फोटोसोबत माप, दिशा आणि तारीख. हे कंटाळवाणे काम त्याने नेटाने संपवले, तर पुढच्या शिक्षणाविषयी आपण तिघे बसून बोलू. अर्ध्यात सोडले, तर तो त्याचा छंद राहील, आणि त्यातही वावगे काही नाही. वाडा त्यालाच निवडू द्यावा. मालकांची परवानगी लेखी घ्यावी. आपण सोबत गेलात तर उत्तमच, मापे घेताना टेपचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागतेच.